शिफारसपत्रांचं लॉकर: पाच वर्षं भाडं भरल्यावर

पाचपैकी तीन तारे. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण माझी सहा पत्रं अजून त्यांच्याच कुलपात आहेत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: विद्यापीठात शिकवण्याच्या जागेला अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं मागतात, आणि ती आपण वाचायची नसतात. लिहिणारी व्यक्ती पत्र थेट या साइटवर चढवते, तिथे ते बंद राहतं. आपण फक्त ‘हे तिकडे पाठवा’ एवढं सांगायचं. त्यासाठी वार्षिक वर्गणी. मी इतिहासात पीएचडी केली आणि तेव्हापासून सत्रागणिक कंत्राटावर शिकवते. एकदा तर एकाच सत्रात तीन संस्थांमध्ये मिळून पाच वर्ग होते. पहिल्या वर्षी ४२ अर्ज केले. ‘मॅडम, अजून एकच लिंक येईल’ असा मेल गाइडना तिसाव्यांदा टाकताना लाज वाटली, म्हणून हे खातं उघडलं.

चांगलं आहे ते आधी सांगते. पत्र आलं की यांचा माणूस ते तपासतो: सही आहे का, लेटरहेड आहे का, पानं उलटी तर स्कॅन झाली नाहीत ना. एका सरांनी माझ्या नावावर दुसऱ्याच विद्यार्थ्याचं पत्र चढवलं होतं, ते यांनी पकडलं. नाहीतर मला कधी कळलंच नसतं, नुसते नकार येत राहिले असते. (तसेही आले, पण निदान माझ्याच पत्रावर आले.) दुसरी सोय फाइल जोडण्याची. अर्जाचं पत्र, सीव्ही, अध्यापनाचं निवेदन, संशोधनाचा आराखडा, लेखनाचा नमुना, सगळं मागतील त्या क्रमाने एका पीडीएफमध्ये बसतं. मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना याची किंमत कळते.

आता तक्रारी. अनेक विद्यापीठांचे फॉर्म आधी ठेवलेलं पत्र घेतच नाहीत; त्यांना शिफारस करणाऱ्याचा मेल हवा असतो, मग ते स्वतः लिंक पाठवतात. त्यावर या लोकांनी युक्ती काढली आहे: प्रत्येक पत्राला एक खास मेल पत्ता देतात, सरांच्या मेलच्या जागी तो टाकायचा, लिंक यांच्याकडे येते आणि पत्र हे चढवतात. बहुतेक वेळा चालतं. पण काही फॉर्म संस्थेचाच मेल पत्ता मागतात आणि हा नाकारतात. माझ्या गेल्या ११ अर्जांपैकी ४ असेच अडकले, आणि मी पुन्हा मॅडमच्या दारात.

त्याहून खोल अडचण तारखेची. लॉकरमध्ये पत्र शिळं होतं. शिवाय ते कुठल्याही समितीला चालेल असं लिहिलेलं असतं, त्यामुळे फक्त शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजला आणि संशोधन संस्थेला एकच मजकूर जातो. एका मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “हे पत्र तीन वर्षांपूर्वीचं आहे, मधे काय केलंत?” शिकवत होते, बाई. त्या तीन वर्षांत किती पेपर तपासले त्याचा हिशेब कुठल्याच पत्रात नव्हता.

वर्गणीच्या महाग प्रकारात नोकऱ्यांच्या सूचना येतात. तो अजिबात घेऊ नका. ‘पूर्णवेळ’वर टिक केलं की कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवरची नऊ महिन्यांची जागाही येते, कारण ती पूर्णवेळच असते. कायम आणि पूर्णवेळ यांतला फरक या यंत्राला कळत नाही. जाहिरातीत ‘विद्यार्थीसंख्येवर अवलंबून’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधीही जागा जाऊ शकते, आणि ‘०.२ जागा’ म्हणजे आठवड्यातला एकच दिवस काम. अमेरिकेत प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनात उमेदवारीचा, म्हणजे कायम होण्याआधी पारखण्याचा, काळ जास्तीत जास्त सात वर्षांचा ठरवला आहे, पण ते घड्याळ टेन्यूर-ट्रॅकवाल्यांचं, म्हणजे पुढे कायम होता येईल अशा जागेवरच्यांचं. सत्रागणिक शिकवणाऱ्याचं घड्याळ दर सत्राला शून्यावर येतं. जर्मनीत उलटं. तिथे २००७ च्या कायद्याने मुदतीच्या करारांना साधारणपणे पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे, आणि २०२१ मध्ये तरुण संशोधकांनी ‘मी हाना आहे’ (हाना म्हणजे हा कायदा समजावणाऱ्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक) या हॅशटॅगखाली त्यावर राग काढला होता. म्हणजे जाहिरातीत सगळ्यात आधी पाहायची ती करार संपण्याची तारीख, आणि नेमका त्याचाच रकाना या साइटवर नाही.

सूचनाच हव्या असतील तर वॉरिक विद्यापीठाने चालवलेलं जॉब्स डॉट एसी डॉट यूके आहे, युरोपीय आयोगाचं युरॅक्सेस आहे. दोन्ही उमेदवाराला फुकट. गणितवाल्यांचा तर मला हेवा वाटतो: त्यांच्या मॅथजॉब्सवर पत्रं, अर्ज सगळं एका ठिकाणी, आणि पैसे भरतो तो जाहिरात देणारा. आमच्याकडे ज्याच्या हातात नोकरी नाही तोच वर्गणी भरतो.

तीही कधी भरायची? सत्र संपल्यावर सुट्टीत, जेव्हा मानधन बंद असतं. मी खातं सत्राच्या शेवटी उघडलं होतं, म्हणून माझी तारीख तिथेच येते. दुसऱ्या वर्षी तर कमालच झाली. खातं संस्थेच्या मेलवर होतं आणि करार संपला त्या रात्री मेल बंद. पासवर्ड बदलण्याची लिंक त्या मेलवर जात राहिली. मदतकक्ष म्हणाला, त्याच मेलवरून विनंती पाठवा. नऊ दिवस गेले, दोन मुदती गेल्या. खातं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मेलवर उघडा, एवढं तरी ऐका.

वर्षाला पाच-सात अर्ज करणार असाल तर गरज नाही, सरांना सरळ विचारा. वीसच्या वर जाणार असाल तर घ्या, कुरकुरत का होईना.

मी यंदाही भरले. यादीत सहा पत्रं आहेत, सहाही नावांपुढे हिरवी खूण. त्यातले एक सर गेल्या वर्षी वारले. त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही आणि पाठवायला हात धजत नाही. निदान खूण तरी काढावी म्हणून मदतकक्षाला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: पत्रलेखकाने स्वतः विनंती केल्यास पत्र काढून टाकण्यात येईल.