तीन नंबर घरी, सात नंबर पिशवीत

गोल्फमध्ये माझा हॅन्डिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २६, म्हणजे कुणी विचारल्याशिवाय सांगू नये असा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर गोल्फ सुरू केलं, त्यामुळे अंगात क्रिकेटच. अजूनही मधूनच स्क्वेअर कट मारल्यासारखा स्विंग जातो. आठवड्यातून तीन सकाळी येरवड्याच्या कोर्सवर असतो. सिंगल, म्हणजे एकआकडी हॅन्डिकॅपवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

चार वर्षं पिशवीत १५ अंशांची तीन नंबर वुड, म्हणजे लांब फटक्याची काठी, होती. अंश म्हणजे पात्याचा मागे कललेला कोन, त्यालाच लॉफ्ट म्हणतात. दुकानदार म्हणाला होता, "सर, थ्री वुड तर लागतेच." मी मान डोलावली. टीवरून, म्हणजे चेंडू खुंटीवर ठेवून, ती कधीमधी लागायचीही. पण पार फाइव्हला (पाच फटक्यांच्या लांब होलला) दुसरा शॉट, चेंडू गवतात बसलेला, की दहातले सहा वेळा टॉप, म्हणजे काठी चेंडूच्या डोक्यावर. चेंडू सशासारखा टुणटुणत साठ यार्डांवर. मग पुढच्या वेळी तो उचलायला म्हणून मी मागच्या पायावर रेलायचो आणि आधी जमीन खणायचो. पिशवी सांभाळणाऱ्या आमच्या कॅडीमामांना एकदा राहवलं नाही. म्हणाले, "साहेब, ही घरी ठेवा. सात नंबर घ्या. बायकांची काठी म्हणून लोक लाजतात, पण चेंडू वर जातो."

लाजायचं काय त्यात? अमेरिकी गोल्फपटू डस्टिन जॉन्सनने २०२० ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्याही पिशवीत सात वुड होतीच.

यामागचं गणित मला माझ्या खात्याच्या भाषेत कळलं. नळीला दाब कमी असेल आणि तोंड आडवं धरलं, तर पाणी पायाशीच पडतं. तोंड जरा वर केलं की तेच पाणी लांब जातं. माझ्या स्विंगला दाब नाही. १५ अंशांच्या काठीने चेंडू हवेत टिकवायला जो वेग आणि जी फिरकी लागते, ती या वयात कुठून आणायची? सात नंबरला २१ अंश असतात आणि दांडा तीन नंबरपेक्षा साधारण इंचभर आखूड. तो इंच छोटा वाटतो, पण चेंडू पात्याच्या मधोमध लागण्यात त्याचा मोठा हात आहे.

सरावाच्या रेंजवर अंतर मोजणाऱ्या यंत्रासमोर दोन्ही काठ्यांनी दहा-दहा चेंडू मारले. तीन नंबरचा सर्वांत चांगला कॅरी (चेंडूने हवेत कापलेलं अंतर) १५८ यार्ड, पण दहांची सरासरी १३१. सात नंबरचा सर्वांत चांगला १५५ आणि सर्वांत वाईट १३८. तिचा सर्वांत वाईट शॉट माझ्या तीन नंबरच्या सरासरीपेक्षा लांब! तिथेच निकाल लागला.

मी घेतली ती पिंग कंपनीची जी४३० मॅक्स. डोकं मोठं पण बसकं, वजन खाली आणि मागे, त्यामुळे चेंडू टाचेकडे किंवा टोकाकडे लागला तरी पातं फारसं वळत नाही. चुका पोटात घालते म्हणतात ते हे. गेल्या रविवारी रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, चेंडू अर्धा बुडाला होता. तीन नंबरने मी तिथे हात घातला नसता. हिचा तळ गवतातून सरकत गेला, 'टप्प' असा दबका आवाज, आणि चेंडू उंच जाऊन ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) अलीकडे जवळजवळ जागीच थांबला. मामा काही बोलले नाहीत, नुसती पिशवी उचलली. त्यांची तीच शाबासकी.

दांड्याच्या गळ्याशी असलेल्या जोडाने लॉफ्ट दीड अंशापर्यंत कमीजास्त करता येतो. वाढवला की पातं किंचित बंद होतं, म्हणजे माझ्यासारख्या स्लाइसवाल्यांचा, ज्यांचा चेंडू उजवीकडे वळत जातो त्यांचा, फायदाच. पण एकदा लावा आणि किल्ली हरवून टाका. स्लाइस फारच असेल तर याच मालिकेतली एसएफटी बघा. तिच्यात वजन टाचेकडे आहे, सात नंबरला २२ अंश. तळाला पट्ट्या असलेली क्लीव्हलँडची हेलोही हाताळून बघण्यासारखी. ही युक्ती जुनी आहे, कोब्रा कंपनीच्या बॅफलर या वुडला १९७५ मध्येच तशा पट्ट्या होत्या.

आता उणं. जूनमध्ये समोरून वारा असला की इतका उंच चेंडू पतंग होतो, सरळ पंधरा-वीस यार्ड खातो. मे महिन्यात टणक, उघड्या जमिनीवरून कुठल्याही वुडचा रुंद तळ आपटून उडतो. तिथे मी गुपचूप हायब्रिड, म्हणजे वुडपेक्षा लहान डोक्याची काठी, काढतो. किंमत लिहीत नाही, कारण हे घरी वाचलं जाणार आहे. आधीच बायकोचा प्रश्न आहे की वुड म्हणता, मग लाकूड कुठंय? १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने धातूची आणली, तेव्हापासून लाकूड गेलं ते गेलंच, असं सांगितलं. "मग महाग कशाला?" याला उत्तर नव्हतं.

तीन नंबर पुतण्याला दिली. २४ वर्षांचा आहे, जिमला जातो, म्हटलं त्याला जमेल. परवा त्याचा फोन: "काका, ही काठी वाकडी आहे का हो?"