साडेतीन लाखाच्या आत जुनी वॅगन आर घेतली, एक उन्हाळा अन् एक पावसाळा काढून सांगतो

आर्णी तालुक्यात आमचं गाव, नागपूर-तुळजापूर हायवेच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत, त्यातला शेवटचा एक किलोमीटर अजून काळ्या मातीचाच. मायचे गुडघे गेलेत, महिन्यातून एकदा तिला वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात दाखवायला न्यावं लागते, अन् किरायाची गाडी सांगितली की दर खेपेला तीन हजार गेले, वरून रात्रीबेरात्री काम पडलं तर कोणी फोन उचलत नाही. म्हणून 2024 च्या डिसेंबरात कापूस विकल्यावर गाडी घ्यायचीच ठरवली. बजेट साडेतीन लाख, त्यावर रुपया नाही, अन् कर्ज काढायचं नाही.

आधी मी पण मायलेजच पाहात होतो. सगळे तेच विचारतात ना, किती देते. पण चार गाड्या पाहिल्यावर कळलं की आमच्यासारख्याच्या घरी पहिला प्रश्न वेगळाच आहे, म्हातारं माणूस या गाडीत चढते कसं अन् उतरते कसं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी मायला सोबत नेलं. अल्टो 800 भावात बसत होती, गाडी सुटसुटीत, काही बिघडलं तरी कुठंही दुरुस्त होते. पण माय बसायला गेली तर एक हात छताला, एक माझ्या खांद्यावर, आधी धपकन सीटवर पडली अन् मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. उतरताना तर आम्ही दोघांनी ओढलं. टियागो मला मनापासून आवडली होती, दरवाजा लावला की आवाजावरूनच कळते, अन् 2020 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये (गाडी आदळून सेफ्टी पाहतात ती) तिला 5 पैकी 4 स्टार भेटले होते. पण तिचंही सीट खाली, अन् आमच्या पैशात जुनी अन् जास्त चाललेलीच भेटत होती. रेनॉच्या क्विडचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, 184 मिमी, आमच्या पांदणीला एकदम बरोबर, पण आमच्या मिस्त्रीचा हात मारुतीवर बसलेला आहे अन् गावात राहणाऱ्याला मिस्त्री हेच सर्व्हिस सेंटर.

मग 2019 ची वॅगन आर पाहिली, उंच डब्यासारखी नवीन आकाराची जी आली ती, 1 लिटरवाली व्हीएक्सआय. दरवाजा उघडला, माय पाठमोरी झाली, खुर्चीवर टेकावं तशी सीटवर टेकली, लुगडं सावरलं अन् पाय आत. कोणाचा हात लागला नाही. मला म्हणे, "हे घे बापा, दुसरी पाहू नको." तिथंच माझं ठरलं.

पण घेतली ती पहिली नाही, हे नीट वाचा. पहिली एका शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात होती, पॉलिश मारून चकाचक, मीटरवर 38 हजार किलोमीटर. मिस्त्री सोबत होता, त्यानं बोनेट उघडायच्या आधी खाली वाकून पेडल पाहिले. क्लचच्या रबरावरच्या रेघा पार घासून गुळगुळीत झाल्या होत्या, स्टेअरिंगपण वरच्या बाजूला चमकत होतं. म्हणे, "अडतीस हजारात रबर असं होत नाही भाऊ." गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात हिस्ट्री काढली तर दीड वर्षाआधीच्या सर्व्हिसिंगला 71 हजार लिहून होते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे घ्यायची तर घ्या. त्या दिवशी मी लय खचलो होतो खरं सांगतो, कारण टोकन देऊन बसलो होतो अन् ते परत मिळवायला तीन चकरा लागल्या. म्हणून सांगतो, हिस्ट्री पाहिल्याशिवाय हजार रुपये पण देऊ नका.

शेवटी दिग्रसच्या एका गुरुजींची भेटली, एमएच 29, एका हाताची, 62 हजार चाललेली, सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या फाइलमध्ये लावलेल्या. 3 लाख 30 हजारात झालं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 अन् 30 वर सह्या त्याच दिवशी घेतल्या. त्यांचं बँकेचं लोन फिटलं होतं पण आरसीवर बोजा तसाच होता, तर बँकेची एनओसी अन् फॉर्म 35 देऊन तो आधी काढून घेतला, मग बाकीचे पैसे दिले. इन्शुरन्सचं एक ध्यानात ठेवा, इंजिन 998 सीसीचं आहे, 1000 च्या आत, तर वर्षाचा थर्ड पार्टी मी काढला तेव्हा 2,094 होता, 1000 च्या वर गेलं की तोच 3,416, जीएसटी वेगळा.

आता वापराचं. डिक्की 341 लिटरची, सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा, फवारणीचा पंप, मायची व्हीलचेअर घडी करून, सगळं बसते. सीएनजीचं लय जण सुचवतात, पण ती टाकी डिक्कीच खाते अन् आम्हाला डिक्कीच पाहिजे. मायलेज मला हायवेला 20 अन् गावात फिरून 17 पडते. ई20 (20 टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आल्यापासून एखादा किलोमीटर कमी झाल्यासारखं वाटते, अन् गाडी 2019 ची म्हणजे ई20 साठी बनलेली नाही, म्हणून मिस्त्री दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप हात लावून पाहते. मे महिन्यात 45 च्या पुढं पारा गेला की एसीशिवाय इलाज नाही, अन् एसी लावून पाच जण बसले तर चढावर गिअर खाली घ्यावाच लागते, 1 लिटरचं इंजिन शेवटी.

पावसाळ्यात क्लिअरन्स 165 मिमीच, टायर 13 इंची अन् बारीक. चिखल-गारा झाला की गाडी फाट्यावर ओळखीच्यांच्या टिनात ठेवतो, हट्ट करत नाही. दुसरा त्रास उंदरांचा, गोठ्याच्या बाजूला गाडी अन् पलीकडच्या खोलीत कापूस, एका रात्रीत वायरिंग कुरतडलं, 2,800 रुपये गेले. आता बोनेट रात्री उघडं ठेवतो अन् आत तंबाखूच्या पुड्या बांधल्या आहेत, तेव्हापासून तरी बरं आहे.

अन् जे लपवू नये ते. सेफ्टीत ही गाडी कमी आहे, 2023 च्या ग्लोबल एनकॅप टेस्टमध्ये वॅगन आरला 1 स्टार. माझ्या गाडीत एअरबॅग फक्त ड्रायव्हरला, बाजूला नाही, दोन पाहिजे असतील तर व्हीएक्सआयच्या पुढं कंसात (ओ) लिहिलेलं मॉडेल शोधा, थोडे पैसे गेले तरी चालतील. मी 80 च्या वर जात नाही अन् मागच्यांनाही बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालू करत नाही, पोरं कुरकुर करतात, करू द्या.

आता घेणाऱ्यांसाठी हिशोब थोडा बदलला. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, अन् तेव्हा मारुतीची एस-प्रेसो एक्स-शोरूम साडेतीन लाखापासून आली. त्यावर आरटीओ अन् इन्शुरन्स धरून चारपर्यंत जमत असेल तर ती नवीन गाडी जरूर पाहा, क्लिअरन्स 180 आहे, कागदपत्राची कटकट नाही. डिक्की लहान आहे. फक्त शोरूमला जाताना घरच्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, सेल्समनचं ऐकायच्या आधी त्यांना दोनदा बसवा अन् दोनदा उतरवा.

माझी आता 74 हजारावर आली, पुढचे दोन टायर जूनच्या आधी बदलायचे आहेत. परवा सावंगीहून येताना माय यवतमाळपर्यंत पुढच्या सीटवर झोपली होती, किरायाच्या गाडीत ती कधी झोपत नव्हती.