काटा आत आहे, साहेब
मासा टेबलावर आला तेव्हा ताई लगेच म्हणाली, "हा लहान दिसतोय रे." मी तिला समजावलं, "शिजल्यावर आक्रसतो ताई." म्हणजे फसवणाऱ्याची वकिली मीच केली, तीही फुकट. हे आधीच कबूल करून टाकतो.

समुद्रकाठचं छोटं गाव, एका रात्रीचा मुक्काम, बंदराला लागूनच खानावळ. गावाचं आणि खानावळीचं नाव देत नाही, कारण ही युक्ती त्या एकाच ठिकाणची नाही.

दारातच बर्फावर मासे मांडलेले होते. मालकाने एक मोठा मासा उचलला, कल्ला उघडून लालभडक आतला भाग दाखवला. डोळे स्वच्छ, फुगीर. शेपटीचा वरचा कोपरा तेवढा फाटलेला होता. "जाळ्यात अडकतं, साहेब," तो म्हणाला. आम्हाला तेही ताजेपणाचंच लक्षण वाटलं! मेनूकार्डावर भातापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्याचे दर छापलेले होते, माशांपुढे मात्र फक्त 'साइजप्रमाणे'. विचारल्यावर त्याने एक आकडा सांगितला. ऐकून स्वस्त वाटला. तो शंभर ग्रॅमचा होता, हे नंतर कळलं.

"वजन किती भरेल?" भावोजींनी विचारलं.

"काटा आत आहे, साहेब. तुम्ही बसा, मी बघतो ना."

आम्ही बसलो. एका पोराने "तोपर्यंत हे घ्या" म्हणत तळलेल्या कोळंबीच्या दोन बश्या आणून ठेवल्या. आम्ही मागवल्या नव्हत्या, पण परतही पाठवल्या नाहीत. आग्रह आणि विक्री यांतला फरक भुकेल्या माणसाला कळत नाही.

बिल अंदाजाच्या तिपटीहून जास्त आलं. 'मासा' एवढा एकच शब्द आणि पुढे रक्कम. वजन कुठेच नाही. विचारलं तर मालकाने खिशातलं पेन काढलं आणि त्याच ओळीत '२.४ किलो' लिहून दिलं. इतक्या सहज, की आम्हीच ओशाळलो. पैसे दिले आणि निघालो.

खोलीवर आल्यावर ताईने फोनमधला फोटो मोठा केला. माशाच्या शेजारी जेवणाचा काटा पडलेला होता. असा काटा साधारण वीस सेंटिमीटरचा असतो. मासा त्याच्या पावणेदोन पट, म्हणजे फार तर ३५ सेंटिमीटर. तसल्या अंगाचा २.४ किलोचा मासा साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. आता इथे सगळ्यांचाच अंदाज चुकतो: लांबी निम्मी झाली की वजन निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं, कारण रुंदी आणि जाडीही सोबत घटते. त्या हिशोबाने आमच्यापुढे आलेला मासा अर्ध्या किलोचा होता. आणि आक्रसण्याचं म्हणाल, तर मांस थोडं आक्रसतं. अख्ख्या माशाच्या पाठीचा कणा कसा आखडेल? निवडला एक, वजन लागलं त्याचं, आणि शिजला भलताच.

२०१५ च्या ऑक्टोबरात चीनमधल्या चिंगदाओ या बंदराच्या शहरात असाच एक प्रकार गाजला होता. गिऱ्हाइकाने ३८ युआनची कोळंबी प्लेटचा दर समजून मागवली आणि बिलाच्या वेळी कळलं की ३८ युआन एका कोळंबीचे. त्या उपाहारगृहाला ९०,००० युआन दंड झाला. तेव्हा ती बातमी वाचून मी हसलो होतो.

आता मी आधी विचारतो की सांगितलेला दर शंभर ग्रॅमचा, किलोचा, नगाचा की प्लेटचा. आणि वजन अख्ख्या माशाचं की साफ केलेल्याचं. डोकं, काटे, आतडी गेली की खायला जेमतेम निम्मं उरतं, खेकड्यात तर साधारण पाव हिस्साच, त्यामुळे हा प्रश्न चिकटपणाचा नाही. वजनकाटा बाहेर मागवतो. त्यावर रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायला लावतो, कारण भांड्याचं आणि पिशवीतल्या पाण्याचं वजनही माशाच्या भावाने विकलं जातं. मग काट्यावरचा मासा आणि आकडा दोन्ही एकाच फोटोत घेतो आणि रक्कम कागदावर लिहून घेतल्याशिवाय मासा आत जाऊ देत नाही. जिवंत शेवंड (लॉब्स्टर) निवडली असेल तर ताटात तिची शेपटी बघावी. जिवंत असताना शिजवलेलीची शेपटी आत वळलेली असते; सरळ, सैल पडली असेल तर ती आधीच मेलेली असण्याची शक्यता बरीच. काही मालक या सगळ्याला तोंड वाकडं करतात. करू देत. प्रामाणिक खानावळीत काटा मागावाच लागत नाही, तो समोरच असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो घेऊन आम्ही परत गेलो. मालकाने आचाऱ्यावर ढकललं, कोळंबीचे पैसे परत केले, माशाचे नाही. आमचं बोलणं चालू असतानाच बर्फासमोर एक कुटुंब येऊन उभं राहिलं. पोराने त्यांच्यासाठी मोठा मासा उचलून धरला. शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला. डोळे तेवढे आता धुरकटले होते.

"काटा बाहेर मागवा," मी त्यांना म्हटलं. मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि पोराला मासा खाली ठेवायला सांगितला.