३५० लेजंड: दहा महिने, दोन राज्यं, एक हंगाम

मार्च २०२४ मध्ये हरणाच्या शिकारीसाठी घेतलेली, ३५० लेजंड हे काडतूस वापरणारी रायफल आता, जानेवारी २०२५ मध्ये, साफ करून तेल लावून कपाटात कुलपाआड ठेवली आहे. दहा महिन्यांत तिच्यातून साडेचारशेच्या आसपास बार काढले. त्यातले फक्त दोन हरणांवर. एवढ्या वापरानंतर या काडतुसाबद्दल जे कळलं ते लिहिते आहे, कारण घ्यायच्या आधी मराठीत विचारायला मला कुणी सापडलं नव्हतं.

आम्ही वायव्य ओहायोत राहतो, टोलीडोजवळ. हा सगळा भाग पूर्वी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची दलदल होती. एकोणिसाव्या शतकात पाणी काढून देऊन तिची शेतजमीन झाली. त्यामुळे जमीन परातीसारखी सपाट, मका नि सोयाबीनची शेतं, आणि दर अर्ध्या-पाऊण मैलावर कुणाचं तरी घर. हरणाच्या हंगामात इथे वाट्टेल ती रायफल चालत नाही, त्याचं एक कारण अशी सपाटी आणि जवळ वस्ती हे सांगतात. नेहमीच्या रायफलीचं काडतूस तोंडाशी बाटलीसारखं आवळलेलं असतं. मोठ्या पुंगळीतली (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यातली) दारू बारीक गोळीला ढकलते, गोळी भन्नाट वेगानं जाते आणि चुकली तर फार लांब पोचते. म्हणून वर्षानुवर्षं इथे मुख्यतः शॉटगन आणि स्लग (शॉटगनमधून मारायची एकच जाड गोळी) चालायचे. सरळ भिंतीचं काडतूस, म्हणजे बुडापासून तोंडापर्यंत जवळपास एकाच जाडीचं, ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात २०१४ पासून चालू लागलं. गोळी जाड, वेग बेताचा, आणि उतार लवकर. तरी ती शेताच्या बांधाशी थांबत नाही. हरणाच्या मागे माती दिसल्याशिवाय चापावर बोट जायचं नाही, हे कुठलंही काडतूस घेतलं तरी बदलत नाही.

माझी अडचण अशी की ओहायोत आमची स्वतःची जमीन नाही, आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं शेत मिशिगनमध्ये, लेनवी काउंटीत आहे. सीमा ओलांडली की नियम बदलतो. ओहायो फक्त गोळीची जाडी बघतो: ०.३५७ ते ०.५० इंच, भिंत सरळ, बस्स. मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मर्यादित पट्ट्यात २०२४ च्या हंगामात पुंगळीची लांबीही मोजत होते: किमान १.१६ इंच, कमाल १.८० इंच, आणि गोळीची जाडी ०.३५ इंच किंवा जास्त. हा १.८० चा आकडा आधी कळला म्हणून माझे पैसे वाचले. मला खरं तर ४५-७० हवी होती. १८७३ मध्ये अमेरिकन सैन्याने घेतलेलं ते काडतूस, लिव्हरच्या (चापाखालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) रायफलीत फार देखणं दिसतं. पण त्याची पुंगळी २.१०५ इंच. ओहायोत चालते, सहकाऱ्याच्या शेतावर चालत नव्हती. ४४४ मार्लिनचंही तसंच.

मग उरली ४५० बुशमास्टर (२००७ ची, पुंगळी १.७० इंच), ३५० लेजंड (विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेली, १.७१ इंच) आणि रेमिंग्टनने २०२३ मध्ये आणलेली ३६० बकहॅमर. बकहॅमरची पुंगळी बरोबर १.८० इंच आहे. ती ३०-३० या जुन्या रायफल काडतुसाच्या पुंगळीची मान सरळ करून बनवली आहे आणि लिव्हर रायफलीत छान बसते, पण आमच्या भागात दुकानात तिची काडतुसं मला क्वचितच दिसली. ज्याचा डबा हंगामाच्या आदल्या आठवड्यात मिळेल याची खात्री नाही, ते काडतूस मी घेणार नव्हते.

४५० मी सहकाऱ्याच्या रायफलीतून चालवून पाहिली. २५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी, सेकंदाला २,२०० फूट. काम चोख करते, यात शंका नाही. पण माझी उंची पाच फूट एक इंच. चौथ्या बारानंतर मी चाप ओढायच्या आधी डोळे मिटायला लागले होते, आणि हे माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं. ३५० लेजंडची १५० ग्रेनची गोळी २,३२५ फुटांनी निघते आणि तेवढ्याच वजनाच्या रायफलीत धक्का ४५० च्या निम्म्याहूनही कमी. निर्णय तिथेच झाला. डोळे उघडे ठेवून मारलेली लहान गोळी हरणासाठी जास्त दयेची आहे, असं मला मनापासून वाटतं.

(व्हिसावर असलेल्यांसाठी एक सूचना: बंदूक बाळगण्याबाबत फेडरल कायदा तुमच्यासाठी वेगळा आणि कडक आहे. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावर आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा करूनच दुकानाची पायरी चढले.)

आता रायफल. बोल्ट ॲक्शन (दर बारामागे हाताने खिटी ओढायची), अठरा इंची नळी, वर तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण. दस्ता मला लांब पडत होता, तो जवळजवळ एक इंच कापून घेतला. त्यानंतर गाल दर वेळी एकाच जागी टेकायला लागला. माझ्यासारख्या ठेंगण्या माणसांनी दुर्बिणीवर पैसे घालायच्या आधी हे करावं.

पहिले दोन महिने चुकीच्या शिस्तीत गेले. मी सरावाच्या स्वस्त, पूर्ण तांब्याचं कवच असलेल्या गोळ्यांवर दुर्बीण जुळवली आणि समजले की झालं. मे महिन्यात शिकारीच्या, मऊ टोकाच्या गोळ्यांचा डबा उघडला, तर शंभर यार्डांवर त्या तीन इंच डावीकडे आणि थोड्या खाली पडत होत्या. गोळी वेगळी, वजन वेगळं, जाणं वेगळं. तेव्हापासून दुर्बीण शिकारीच्या गोळीवरच जुळवते आणि सरावाच्या गोळ्या फक्त हात बसवायला वापरते. शिकारीच्या गोळ्यांनी शंभर यार्डांवर तीन बार दीड इंचात बसतात. १५० यार्डांवर गोळी अडीच-तीन इंच उतरते, २०० वर आठ इंचांच्या आसपास, आणि तिथे वेगही १,६५० फुटांवर आलेला असतो. हरणाच्या छातीतली मर्माची जागा छोट्या ताटलीएवढी. आठ इंच उतार म्हणजे ताटलीच्या बाहेर. म्हणून मी स्वतःला १५० यार्डांची रेघ आखून दिली.

मॅगझिनबद्दल (काडतुसं भरायच्या पेटीबद्दल) तक्रार आहे. रायफलीबरोबर आलेलं ठीक चालतं, पण जादा म्हणून घेतलेल्या एका दुसऱ्या कंपनीच्या मॅगझिनमध्ये दुसरं काडतूस दर चार-पाच वेळांमागे एकदा नाक खाली घालून अडकायचं. आवळलेल्या मानेचं काडतूस नळीत आपोआप वाट शोधतं. सरळ काडतुसाला तो उतार नसतो, त्यामुळे मॅगझिनचे ओठ नेमके लागतात. ते परत केलं. आणखी एक, जास्त महत्त्वाचं: ३५० लेजंडच्या बुडाची कड २२३ या बारीक गोळीच्या रायफल काडतुसाच्या कडेएवढीच असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं भरलं जाऊ शकतं. घरात दोन्ही असतील तर डबे वेगळ्या खोलीत ठेवा आणि रेंजवर एका दिवशी एकच घेऊन जा. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की हे काडतूस नळीत पुंगळीच्या तोंडाच्या काठावर टेकतं. तो काठ गोळीवर आत वळवून दाबला तर टेकायला जागाच राहत नाही.

१५ नोव्हेंबरला मिशिगनचा हंगाम उघडला. पहाटे साडेपाचला मचाणावर चढले. आठच्या सुमारास कापलेल्या मक्याच्या पलीकडे मोठा शिंगाडा नर आला. अंतर मोजलं, २३० यार्ड. वीस मिनिटं तो तिथेच चरत होता आणि मी दुर्बिणीतून बघत होते. बार काढला नाही. ३५० घेणाऱ्याने ही वीस मिनिटं आधीच मान्य करून टाकावीत.

ओहायोचा गन वीक, म्हणजे बंदुकीने हरीण मारायचा आठवडा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. मंगळवारी, ३ डिसेंबरला, परवानगी घेतलेल्या एका शेताच्या कडेला मादी ८५ यार्डांवर आडवी उभी राहिली. रायफलीत नियमाप्रमाणे तीनच काडतुसं होती, लागलं एक. ती चाळीस पावलं गेली आणि पडली. खांद्यामागून गोळी आरपार, दोन्ही फुप्फुसं. बार झाल्यावरही ती माझ्या दुर्बिणीच्या वर्तुळात होती. ४५० च्या धक्क्यात मला ती पडताना दिसली नसती.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. ओहायोच्या हंगामातल्या २१ डिसेंबरच्या जादा शनिवारी, १४० यार्ड, मादी तिरकी उभी. अंतर माझ्या रेघेच्या आत होतं, पण कोन नव्हता, आणि मी थांबायला हवं होतं. गोळी मागे लागली आणि बाहेर पडलीच नाही. बाहेर पडायचं भोक नाही म्हणजे रक्ताचा माग नाही. झाडोऱ्यात चार-चार हातांवर एकेक थेंब. अर्धा तास बसून राहिले, मग सहकाऱ्याला बोलावून दोघांनी गुडघ्यांवर माग काढला. ओढ्याच्या काठाशी ती सापडायला जवळजवळ चार तास गेले. चूक माझी आहे, कोनाची आहे. तरी काडतुसाचा दोषही लपवत नाही: ४५० च्या जाड गोळीने तिरक्या अंगातूनही बहुधा पलीकडे भोक पाडलं असतं. ३५० चूक पोटात घालत नाही.

माझे आजोबा कुडाळजवळ ठासणीची बंदूक बाळगायचे, भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी, परवान्याची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचे ते दिवस. जखमी जनावर रानात सोडून घरी जेवायला बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्या दुपारी ओढ्याकाठी तोच डोक्यात होता.

दोन्ही हरणांची नोंद त्या त्या दिवशी ओहायोच्या हंटफिश ओएच या शिकार-नोंदीच्या ॲपवर केली. सागुतीचे वाटे आमचे, सहकाऱ्याचे आणि शेतमालकाचे झाले. खिमा मात्र जखमेपासून वीतभर सोडूनच केला, कारण शिशाची गोळी फुटली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात लांबवर जातात आणि घरात सहा वर्षांची मुलगी आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडल्यावर अन्नछत्रांना तो वाटू नका असं सांगितलं होतं. म्हणून पुढच्या हंगामासाठी एकसंध तांब्याच्या गोळ्यांचे दोन डबे आणले आहेत. तांबं खोल जातं आणि बहुधा आरपार निघतं, पण वेग उतरला की नीट उमलत नाही.

मिशिगनचा लांबीचा नियम तुम्हाला लागू नसेल आणि खांदा मजबूत असेल, तर ४५-७० किंवा ४५० खुशाल घ्या. दोन्ही राज्यांत जायचं असेल, अंगकाठी लहान असेल आणि दर महिन्याला चाळीस-पन्नास बार काढायची तयारी असेल, तर ३५० लेजंड. घेण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका मात्र उघडा, आकडे बदलतात. मी रायफल ठेवते आहे. रेघ १५० वरून १२० यार्डांवर आणली आहे, आणि तांब्याची गोळी शंभरावर कुठे पडते ते मार्चमध्ये, बर्फ गेला की, बघायचं आहे.