आठ महिने एकच कादंबरी: ‘द रिडल ऑफ द सँड्स’

फेब्रुवारीत घेतलेलं पुस्तक ऑक्टोबरात तिसऱ्यांदा वाचतेय, म्हणजे आता त्यावर बोलायला हरकत नसावी. अर्स्किन चिल्डर्सची ही कादंबरी १९०३ ची. शिडाच्या नौकेवरची थरारकथा म्हटलं की आजही जाणकार आधी हिचंच नाव घेतात. मी ब्रेमेनला राहते. कादंबरी घडते त्या जर्मन बेटांसमोरचा किनारा इथून रेल्वेने अडीच तासांवर आहे, म्हणून उत्सुकतेने घेतली. शिडं-बिडं मला काही कळत नाहीत. माहेर जयगडचं असलं तरी होडीत बसले ती पलीकडे जाण्यापुरती.

पहिला अनुभव वाईट, आणि त्यात चिल्डर्सचा काही दोष नाही. पुस्तकाचे हक्क कधीच खुले झालेत, त्यामुळे कोणीही छापतं. मी स्वस्तातली प्रत मागवली. मजकुरात ‘नकाशा पाहा’ अशा सूचना येत राहिल्या आणि पुस्तकात नकाशा एकही नाही! मूळ आवृत्तीत दोन नकाशे आणि दोन सागरी तक्ते आहेत. ते नसताना वाचणं म्हणजे पट न मांडता बुद्धिबळाचा डाव ऐकणं. शंभरेक पानांवर मी ते मिटून ठेवलं.

गोष्ट सुरू होते ती अशी: करूदर्स हा लंडनच्या परराष्ट्र खात्यातला कडक इस्त्रीचा तरुण. डेव्हिस नावाच्या जुन्या मित्राचं त्याला पत्र येतं, बाल्टिकमध्ये नौकेवर ये, बदकांची शिकार करू. येताना आणायच्या वस्तूंच्या यादीत स्टोव्ह, होकायंत्र आणि तंबाखू. करूदर्स ऐटबाज नौका, खलाशी, डेकवर चहा अशा कल्पनेने पोचतो. समोर निघते ‘डल्सिबेला’, तीस फुटी, जुन्या जीवरक्षक होडीची केलेली नौका. त्याची बॅग तिच्या दारातून आत जात नाही. इथे मी मोठ्याने हसले. ओल्या चादरी, डोक्याला लागणारं छत, रॉकेलचा वास हे सगळं चिल्डर्सने अनुभवलेलं आहे. १८९७ मध्ये ‘व्हिक्सन’ नावाच्या अशाच एका नौकेतून तो या बेटांमधून बाल्टिकपर्यंत गेला होता.

एप्रिलमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात नकाशांसकट प्रत मिळाली आणि मग खरं वाचन सुरू झालं. जर्मनीच्या या किनाऱ्यापुढे वस्तीची सात बेटं ओळीने आहेत. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये आहे तो समुद्र म्हणावा की जमीन, हे घड्याळावर ठरतं. भरतीला होडी जाते, ओहोटीला तिथूनच माणसं चालत जातात. बेटांचा क्रम लक्षात राहावा म्हणून ऑफिसातल्या सहकाऱ्याने मला एक वाक्य शिकवलं, त्यातली आद्याक्षरं म्हणजे बेटं. ‘नॅनीच्या बिछान्यात कुठला खलाशी आहे?’ असा त्याचा अर्थ. शाळेत शिकवतात म्हणे!

या चिखल-वाळूच्या पट्ट्यात एक इंग्रज माणूस जर्मन बनून वावरतोय असा डेव्हिसला संशय आहे, आणि त्या माणसाने डेव्हिसला एकदा वादळात मुद्दाम वाळूवर घालण्याचा डाव केलेला आहे. तो का, हे कोडं. उत्तर मी सांगणार नाही.

बाबांना फोनवर गोष्ट सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न, “तिथी कुठली होती गो त्या दिवशी?” आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा. इथे तो हिशेब लागू पडत नाही, कारण भरती प्रत्येक किनाऱ्याला आपल्या वेळेने पोचते. पण उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) इथेही तेच. बाबा म्हणाले, “उधाणाच्या भरतीत रेतीवर चढलेली होडी भांगात उतरत नाय. पंधरा दिवस बस मग कोळंब्या मोजत.” डेव्हिस पानंपानं हेच समजावतो आणि करूदर्सला ते कळत नाही. माझ्या बाबांना एका वाक्यात कळलं. मला वाटतं कोकणातल्या वाचकाला या कादंबरीचा अर्धा थरार फुकटात मिळतो.

तो थरार सगळ्यात दाटतो धुक्याच्या प्रकरणात. नॉर्डरनाय बेटाहून मेमर्ट या छोट्या बेटापर्यंत दोघं छोट्या डिंगीतून जातात. करूदर्स वल्ही मारतोय, डेव्हिस होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा घेऊन बसलाय. दिसत काहीच नाही. ओहोटीत उरलेल्या पाण्याच्या चिंचोळ्या वाटांनी जायचं, काठीने तळ चाचपत. ना गोळीबार, ना मारामारी. तरी मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ लागली.

जूनमध्ये आम्ही तिकडे गेलो. नॉर्डरनायची बोट दिवसभर ये-जा करते, पण शेजारच्या यूस्टची सुटते भरती बघून, त्यामुळे तिचं वेळापत्रक रोज वेगळं. मेमर्टवर आता पक्षी अभयारण्य आहे, उतरता येत नाही. वाटाड्याबरोबर अनवाणी चिखलातून चाललो. पाण्याच्या वाटांच्या कडेला बर्चच्या फांद्या रोवलेल्या असतात, जलमार्ग दाखवायला. पुस्तकातही आहेत त्या.

आता तक्रारी. नवरा सहाव्या प्रकरणात थांबला, म्हणे अजून काही घडतच नाही. चूक नाही त्याचं. एकूण २८ प्रकरणं आणि नौकेच्या नोंदवहीतलं फाडलेलं पान निघतं सातव्यात. तोवर बाल्टिकच्या खाड्यांमधून निवांत भटकंती. मैत्रिणीचा आक्षेप क्लाराबद्दल, त्या संशयिताच्या मुलीबद्दल. “पुठ्ठ्याची आहे ही,” ती म्हणाली. मुलगी हवीच म्हणून ती नंतर घुसडल्याचं चिल्डर्सने स्वतःच कबूल केलं होतं. ते शिवण दिसतं. शेवटची प्रकरणं तर घाईत उरकल्यासारखी वाटतात. आणि इंग्लंड बेसावध आहे हे पालुपद तिसऱ्या वाचनात कंटाळा आणतं.

सहकाऱ्याला भीती होती की जर्मन लोक राक्षस दाखवले असतील. तसं नाही. युद्धनौकेवरचा फॉन ब्रुनिंग हा पुस्तकातला सगळ्यात रुबाबदार माणूस आहे, आणि डेव्हिस तर जर्मन सम्राट कैसरचं कौतुक करतो. ते ऐकून सहकारी चक्रावला. या पुस्तकाने लोकांना किती झपाटलं होतं पाहा: १९१० मध्ये ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी याच किनाऱ्यावर हेरगिरी करताना पकडले गेले. खटल्यात ब्रँडनला विचारलं, ही कादंबरी वाचली आहेस का? त्याने सांगितलं, तीनदा. म्हणजे माझी बरोबरी झाली.

लेखकाचं पुढे काय झालं ते कळल्यावर दुसरं वाचन जड गेलं. इंग्लंडच्या रक्षणासाठी जीव तोडून लिहिणाऱ्या या माणसाने १९१४ मध्ये आपल्या ‘अस्गार्ड’ नौकेतून आयर्लंडच्या स्वराज्यासाठी उभ्या राहिलेल्या आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका नेल्या, आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवीत त्याला आयरिश सरकारनेच गोळ्या घातल्या. त्याचा मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

घ्यायचं असेल तर आधी नकाशे आहेत का ते उघडून बघा. ई-बुकवर ते असले तरी बोटाएवढे दिसतात, तेव्हा कागदच बरा. मी माझ्या प्रतीत यूस्टच्या बोटीचं वेळापत्रक चिकटवलंय. नवऱ्याची खूण अजून सहाव्या प्रकरणातच आहे. पुढच्याच प्रकरणात ते फाडलेलं पान निघतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही.