ताडमाडांच्या नकाशासाठी आयनॅचरलिस्ट: पाचापैकी चार तारे

मी सर्वेक्षणातला माणूस. झाडाचं नाव ठरवायला सोबत वनस्पतिशास्त्र शिकलेली मंडळी असतात. ते झाड नेमकं कुठे उभं आहे, ही जबाबदारी माझी. एखाद्या प्रदेशातले ताड, माड, शिंदी, वेत नोंदवून नकाशावर आणायचे असतील तर आयनॅचरलिस्ट हे सजीवांच्या फोटो-नोंदी करायचं अॅप कितपत उपयोगी पडतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. अॅप फुकट आहे, आणि रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, नंतर चढवता येते.

लांबून काढलेला शेंड्याचा एकच फोटो टाकाल तर अॅप सुचवेल त्या नावावर भिस्त ठेवू नका. दोष अॅपचा नाही, फोटोत ओळखण्यासारखं काही नसतंच. एका नोंदीत बरेच फोटो बसतात, त्याचा फायदा घ्या. पर्णिका झावळीच्या मधल्या दांड्याला चिकटते तिथला एक फोटो अगदी जवळून हवाच. शिंदीची पर्णिका तिथे पन्हाळीसारखी वर उघडी असते, पाणी धरेल अशी. माडाची बरोबर उलटी दुमडलेली, पाणी ओघळून जाईल अशी. शिंदीच्या झावळीच्या बुडाशी पर्णिकांचेच काटे झालेले असतात, तेही घ्या. वेताला खोडाभोवतीचं काटेरी वेष्टन टिपल्याशिवाय पुढे सरकू नका. ताडमाडांची पानं अवाढव्य, कापून तुकडे केल्याशिवाय हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदावर मावत नाहीत, म्हणून संग्रहांत यांचे नमुने आधीच कमी. अशा वेळी नीट काढलेले पाच-सहा फोटो मोलाचे ठरतात.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे झाड लावलेलं की आपसूक वाढलेलं. या कुळातली निम्मी मजा आणि सगळा घोळ इथेच आहे, कारण माणसाने माड-सुपारी जाईल तिथे नेली. लावलेल्या झाडावर तशी खूण केली की ती नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाला चालेल अशा दर्जाची, होत नाही. लोक ही खूण करायला विसरतात आणि मग बागेतलं शोभेचं झाड जंगली म्हणून नकाशावर येतं. बाकी चाळण बरी आहे: तारीख, जागा, फोटो हवा आणि प्रजातीच्या नावावर ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिकांचं एकमत हवं. परवाना खुला असेल तर अशी नोंद पुढे जीबिफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यातही जाते.

नकाशा करणाऱ्याने एक गोष्ट मात्र आधीच बघावी. धोक्यातल्या प्रजातींचे बिंदू अॅप मुद्दाम हलवून 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेतरी टाकतं. विषुववृत्तापाशी तो चौकोन जवळपास 22 किलोमीटरचा होतो. चोरट्यांपासून झाड वाचावं म्हणून हे केलंय, मला पटतं. पण नोंदींची सीएसव्ही (तक्त्याची फाइल) उतरवून थेट क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलीत तर डोंगरावरचा वेत खाडीत उगवलेला दिसेल. 'कोऑर्डिनेट्स ऑब्स्क्युअर्ड' हा रकाना बघून त्या ओळी आधी वेगळ्या काढा. अचूकतेचा रकानाही पाहाच. दाट झाडीखाली फोनचा जीपीएस बराच भरकटतो.

एक तारा कापला तो बनांसाठी. इथे नोंद म्हणजे एक बिंदू आणि त्याभोवती अचूकतेचं वर्तुळ, बस. खाडीकाठी पसरलेलं निपा या ताडकुळातल्या झाडाचं बन किंवा शिंदीचा आख्खा पट्टा सीमारेषेसकट नोंदवायची सोय नाही. ते बहुभुज क्यूजीआयएसमध्ये स्वतंत्रच काढावे लागतात.