टाउन सेंटरमध्ये गेलेली जमीन: रोख मोबदला, अंतिम भूखंड की कंपनीचे शेअर?

पनवेलच्या पलीकडे किंवा हिंजवडीच्या मागे एखाद्या गावाची शीव नव्या शहराच्या आराखड्यात रंगली की पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती टक्के जमीन परत देतात?" मला तो अर्धाच प्रश्न वाटतो. जमीन नुसती निवासी पट्ट्यात गेली तर टक्के मोजून भागतं. पण बाजार, कार्यालयं, बस डेपो असं सगळं जिथे एकवटणार त्या टाउन सेंटरमध्ये ती गेली, तर परत मिळणारा तुकडा कुठल्या रस्त्यावर पडतो आणि किती वर्षांनी हातात येतो, यावर सगळं ठरतं.

हिशेबाला एक एकर धरू. चाळीस गुंठे, सातबाऱ्यावर चार भावांची नावं.

पहिली वाट रोखीची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभाव काढायचा, शहरी भागात गुणांक १, ग्रामीण भागात २ पर्यंत, आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. म्हणजे शहरात दुप्पट, खेड्यात जास्तीत जास्त चौपट. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकर नाही, ही बाजू घरात बोलली जात नाही पण मोठी आहे. गोम बाजारभावात आहे. तो रेडीरेकनर म्हणजे सरकारी दर किंवा मागच्या तीन वर्षांतली नोंदणीकृत खरेदीखतं, यांतून जो जास्त निघेल तो. आपल्याकडे खतात रेडीरेकनरचा आकडा आणि उरलेले पिशवीतून, ही जुनी रीत. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी वाचवलेली स्टॅम्प ड्युटी आज तुमच्या मोबदल्यातून वजा होते!

नुसती रोख घेतली की काय होतं, ते नवी मुंबईने पाहिलंय. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, पैसे लग्नात आणि घरात संपले आणि शेताच्या जागी दुसऱ्यांचे टॉवर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिचंही गणित मांडा: एकराला पाच गुंठे, पण सामाजिक सुविधांची कपात जाऊन हातात ८.७५ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. दीड एफएसआयने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट, बांधकाम होतं सुमारे ५,७०० चौरस फूट.

आता दुसरी वाट, टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना. काही नवीन नाही, मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५ चा आहे. पार्ले-सांताक्रूझचे आखीव रस्ते याच पद्धतीने पडले. जमीन विकत घेतली जात नाही, सगळ्यांची एकत्र करून रस्ते, शाळा, बागा काढतात आणि उरलेली नव्याने आखून परत देतात. नैनाच्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या क्षेत्राच्या, टीपी स्कीममध्ये ४० टक्के जमीन अंतिम भूखंड म्हणून परत आणि अडीच एफएसआय, असं सूत्र आहे. एकराला सोळा गुंठे. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सोळा गुंठ्यांचे १७,४२४; त्याची अडीचपट करा: ४३,५६० चौरस फूट. बरोबर एक एकर! हा आकडा योगायोगाचा नाही, "तुमचं काहीच गेलं नाही" हे सांगायची ती सोय आहे. कागदावर खरंही आहे. फक्त अडीच एफएसआय वापरायला रुंद रस्ता आणि मोठा भूखंड लागतो. सोळा गुंठे चार भावांनी फोडले की चार-चार गुंठ्यांत सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा सोडून काय उरतं, ते आर्किटेक्टकडून एकदा काढून घ्या.

दुसरी कात्री बेटरमेंट चार्जची. योजनेमुळे जमिनीची जी किंमत वाढली असं धरतात, तिच्या निम्म्यापर्यंत अंशदान लागू शकतं. आणि प्राधिकरण खर्च भागवायला विक्रीसाठी काही भूखंड स्वतःकडे ठेवतं. ते कुठे आहेत, हे नकाशावर आधी शोधा. मोक्याचे कोपरे तिकडे आणि मूळ मालक आतल्या बारा मीटर रस्त्यावर, असं दिसलं तर टक्के कितीही असोत, टाउन सेंटरचा मलिदा तुमचा नाही.

तिसरी वाट पुण्यातल्या मगरपट्ट्याची. हडपसरला सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. कार्यालयांच्या इमारती विकून मोकळं न होता त्यांचं भाडं कंपनीकडे येतं, म्हणजे केंद्राची कमाई मूळ मालकांकडेच राहिली. ऐकायला हीच वाट सगळ्यात गोड. पण तिथे सलग जमीन होती, एकाच भावकीचा मोठा हिस्सा होता, शहर दाराशी आलं होतं आणि सतीश मगरांसारखा माणूस होता ज्याच्या शब्दावर लोकांनी सातबारे पुढे केले. तुमच्या गावात बांधावरून दोन पिढ्यांचे दावे चालू असतील तर हा विषय सध्या सोडून द्या.

माझा कौल असा. दहा वर्षं थांबायची ताकद असेल आणि चौघं भाऊ एकत्र भूखंड ठेवायला तयार असतील, तर टीपी स्कीम. घरात आजारपण आहे, कर्ज आहे, किंवा भावाभावांत बोलणं नाही, तर रोख घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण त्यातून थोडी का होईना दुसरीकडे जमीन किंवा गाळा आधी घ्या, गाडी नंतर. कंपनी फक्त सलग शंभरेक एकर आणि विश्वासाचा माणूस, दोन्ही असतील तरच.

टीपी निवडलीत तर प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात. त्यात "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने पडतात. तुम्ही मूळ भूखंडाचा क्रमांक, अंतिम भूखंडाचा क्रमांक आणि हवा असलेला रस्ता लिहून द्या. पुढे योजनेसाठी नेमलेल्या लवादासमोर तोच कागद घेऊन उभं राहता येतं. आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर वारसनोंदीचा अर्ज या आठवड्यातच तलाठ्याकडे द्या, कारण अंतिम भूखंड कागदावरच्या नावानेच निघतो.